घाट चढायची मिनिटं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज घाट चढायला एकोणीस मिनिटं लागली. आमच्या फाटकापासून माथ्यावरच्या दगडी झऱ्यापर्यंत नऊ किलोमीटर. आईला बारा लागायची. गाडी तीच, आईचीच, चोवीस वर्षांची. रस्ताही तोच. तेव्हा फरक एक तर गाडीत असणार, नाही तर चालवणारीत.

सपाटीवर काही कळत नाही. चढ लागला की मात्र पाय पूर्ण दाबला तरी ती पुढे जाते म्हणण्यापेक्षा मागे येत नाही, इतकंच. तिसऱ्या गिअरमध्ये मरगळते. धक्के नाहीत, धूर नाही, तापत नाही, कुरकुरही नाही. पेडलचा पहिला भाग रिकामा रिकामा लागतो, पण ते माझ्या नव्या हिवाळी बुटांमुळे असेल. मागे ओंडक्यांचा ट्रक लागला होता. चौथ्या वळणावर मी त्याला वाट दिली. ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "बाई, उतरून ढकलू का?"

घरी आले तर बाबा स्वयंपाकघरातल्या नळाखाली वाकलेले. वायसर बदलला, नट आवळला, आणि खिशातून आईच्या नखांच्या लाल रंगाची बाटली काढून नटावर एक टिकली लावली. चाळीस वर्षं ते बसच्या आगारात मुख्य मिस्त्री होते. तिथला नियम होता: ज्या नटाला हात लावलास त्यावर टिकली लाव. टिकली म्हणजे सही. पुढे काही झालं तर जबाब त्याने द्यायचा, आणि त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याने तो नट फिरवायचा नाही. आगाराचा रंग कधीच संपला. आता आईच्या बाटल्या चालल्या आहेत. आमच्या घरात शेगडी, शिवणयंत्र, आईची चाकांची खुर्ची, सगळ्यांना टिकल्या आहेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र आलं. सव्वा वर्षापूर्वी, आईचं दुखणं वाढलं तेव्हा, मी घाटापलीकडच्या प्लोव्हदिव शहरातली नोकरी सोडून इथे आले. त्याच प्रकाशनाने परत बोलावलं आहे. मुद्रितं तपासायला, सोमवार ते बुधवार, सोळा मार्चपासून. सहा मार्चपर्यंत लेखी होकार आणि नऊ मार्चला, सोमवारी दहा वाजता, समक्ष भेट.

मी शेचाळीस वर्षांची आहे. असं पत्र पुन्हा येईल असं मला वाटत नाही.

जेवताना बाबांना सांगितलं. "तीन दिवस तिकडे, चार दिवस इथे. मधल्या दिवसांत शेजारून सेव्दामावशी डोकावेल."

"सेव्दा? तिच्या हातचं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी."

"सूप मी करून ठेवीन."

"आणि घाट?"

"घाट आहेच की."

"या गाडीने?"

"गाडी नीट करू. तुम्ही आहात ना."

बाबांनी वालाचे दाणे ताटाच्या कडेला सारले. "आहे ना," म्हणाले.

बस फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. एरवी इथून बाहेर पडायचं तर स्वतःचं चाक हवं. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू, ते चालवत नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी बाबांनी गाडी बघितली. पाऊण तास बॉनेटखाली होते. मला दोनदा आत पाठवलं, एकदा चिंधी आणायला, एकदा लिंडनच्या फुलांचा चहा करायला. निदान: प्लग. काल नवे प्लग आणून बसवले. आज मोजलं. एकवीस मिनिटं.

नवे प्लग टाकून गाडी आणखी मंद कशी होते? शिवाय मी ठेवलेल्या नोंदीप्रमाणे पेट्रोल कमी लागतंय. आजारी गाडी जास्त पिते, असं बाबाच सांगायचे. माझी नोंद चुकली असेल. दोनदा तपासली. चुकलेली नाही.

आणखी एक गोष्ट. आईची बाटली न्हाणीघरातल्या फळीवर नव्हती, बाबांच्या कोटाच्या खिशात होती. मंगळवारच्या नळानंतर त्यांनी घरात काहीच दुरुस्त केलेलं नाही. आईची आठवण येत असणार. मी ती परत फळीवर ठेवली नाही. खिशातच राहू दिली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खालच्या गावात स्पासकडे गेले. तो बाबांच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतःचं गॅरेज आहे. त्याने गाडीला संगणक जोडला. संगणक म्हणतो गाडी ठणठणीत.

मग त्याने बॉनेट उघडलं, टॉर्च लावून आत बघितलं. हात पुसले. बॉनेट लावलंही हळूच, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं.

"ताई, उस्तादांनी हिला हात लावलाय का?"

"हो. त्यांनीच प्लग सांगितले."

"प्लग सांगितले?" तो हसला नाही, पण हसू आवरल्यासारखं तोंड केलं. "मग उस्तादांनाच विचारा. त्यांनी हात लावलेल्या गाडीला मी हात लावत नाही."

साठीला आलेला माणूस अजून उस्तादाला इतका मानतो याचं कौतुक वाटलं. रागही आला. मानपान सांभाळून माझी गाडी चढणार आहे का?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा म्हणतात, हवेचा फिल्टर. बदलला. एकवीस.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आईला जाऊन सहा महिने. सकाळी बाबा आणि मी इथल्या रिवाजाप्रमाणे तिच्या फोटोचे, स्मरणाचे कागद लावत फिरलो: आमच्या दारावर, बसथांब्यावर, बंद शाळेच्या भिंतीवर. बाबा प्रत्येक कागद पातळी लावल्यासारखा सरळ करत होते. सेव्दामावशीच्या फाटकावर थांबून म्हणाले, "दाफिना हसतेय त्यात. सहा महिन्यांच्या कागदावर हसू नये."

"तोच एक नीट फोटो होता, बाबा."

"घाटावरून परत आली तेव्हाचा आहे. बारा मिनिटांत चढले म्हणून हसतेय."

मग म्हणाले की तिला तिथे काम नव्हतं, माणूस नव्हता, काही नव्हतं. नुसती जायची, झऱ्याचं पाणी प्यायची आणि यायची. "चाळीस वर्षं मी बस नीट करून लोकांना इथून बाहेर धाडलं. स्वतःच्या बायकोला विचारलं नाही की तू कुठे जातेस."

घरातलं कोणी निघालं की आई चाकांपुढे तांब्यातलं पाणी ओतायची, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. ती गेल्यापासून कोणी ओतत नाही. हे मी म्हणणार होते, म्हटलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

चोवीस मिनिटं. खरं तर माथ्यावर पोचलेच नाही. शेवटच्या दोन वळणांवर बर्फ होतं, वेग मिळेना, चाकं फिरू लागली. उलटी वळवली आणि उतारावरून परत आले. चोवीस हा अंदाज. अंदाज लिहू नये, पण लिहिते.

गाडीपेक्षा दुसरीच काळजी आहे. ज्या माणसाला तिसऱ्या गल्लीतल्या बसचा आवाज ऐकून तिचं दुखणं कळायचं, तो आता प्लग म्हणतो, फिल्टर म्हणतो, काल म्हणाला सायलेन्सर तुंबला असेल. सायलेन्सरला हात लावून बघितला, नीट फुंकतोय. मीसुद्धा सांगू शकले असते. बाबांचं डोकं हळूहळू जातंय का?

आज सकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "गुरुवार," म्हणाले.

चर्चच्या घंटा वाजत होत्या.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. अशा माणसाला मी आठवड्यातले तीन दिवस एकटं सोडणार? शेगडीसकट?

२५ फेब्रुवारी, बुधवार

प्लोव्हदिवमधल्या मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली, बारा मार्चची. बाबांना न्यायचं कसं, माहीत नाही. गाडी रिकामी असतानाही चढत नाही.

पुन्हा स्पासकडे गेले. या वेळी हलले नाही. "उस्ताद आजारी आहेत, स्पास. त्यांना आता कळत नाही. तू बघ."

"काय कळत नाही?"

वाराचं सांगितलं. तो खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. मग म्हणाला, "गाडी आजारी नाही, ताई. तिला कोणी पळ म्हणतच नाहीये." आणि दाराकडे बघत: "एक करा. कोणाला तरी आत बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली बघा. पेडलपासून निघालेली तार इंजिनजवळ एका चकतीला जोडलेली असते. चकती किती फिरते ते बघा. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका."

इतकंच. दोन मिनिटांचं काम. पण दोन माणसं लागतात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अजून बघितलं नाही. बर्फ पडतंय.

खरं कारण लिहायला हवं. घरात दुसरं माणूस आहे. बाबांना पेडल दाबा म्हणायला मला काय अडचण होती? ते शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. मी दोनदा दारापर्यंत गेले. मग कपडे वाळत घातले. गाडी का चढत नाही हे कळलं तर ती चढेल. मग मला जावं लागेल. मला जायचं आहे, असं मी इथे तीन आठवडे लिहिते आहे. ते खरं आहे का, हे मी तपासलेलं नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी बाबांनी माझ्या मनगटाला लाल-पांढरा, वसंताच्या स्वागताचा मार्चचा दोरा बांधला. दरवर्षी आई बांधायची. बोटं थरथरली नाहीत, गाठ पहिल्या फटक्यात बसली. आजार असा एकसारखा नसतो, असं वाचलंय.

"करकोचा दिसेपर्यंत काढायचा नाही," म्हणाले.

"माहितेय."

"यंदा करकोचे उशिरा येतील. बर्फ आहे."

दुपारी प्रकाशनाला नकाराचं पत्र लिहिलं. चार वाक्यं. वडिलांची प्रकृती, वाहनाची अडचण. लिहून झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाज वाटली. पाठवलेलं नाही. 'वाहनाची अडचण' हे शब्द टोचतात. कोणती अडचण? न तपासलेलं पान मी आजवर छपाईला सोडलेलं नाही.

४ मार्च, बुधवार

सकाळी बाबा वर लाकडं रचत असताना सेव्दामावशीला बोलावून गाडीत बसवलं. ती सत्तर वर्षांची आहे, आयुष्यात कधी गाडीच्या या बाजूला बसलेली नाही.

"यातलं कुठलं गं?"

"उजवीकडचं. इंजिन बंद आहे, घाबरू नकोस. दाब."

"दाबलं."

"तळापर्यंत, मावशी."

"अगं, फुटलं तर तुझा बाप रादोय मला फाडून खाईल!"

"फुटत नाही. दोन्ही पायांनी दाब."

"दाबतेय की! तुझ्या आईला बरं हे सगळं यायचं. देवा, किती घट्ट आहे!"

मी बघत होते. चकती हलली आणि थांबली. तळापर्यंत दाबलेल्या पेडलला चकती तिसरा हिस्सासुद्धा फिरली नव्हती. मी बोटाने ती पुढे फिरवली. सहज फिरली, शेवटपर्यंत. म्हणजे इंजिनला अडचण नव्हती. तार सैल होती. तार जिथे पट्टीत अडकते तिथे ती ताणायचा एक नट असतो. तो पार टोकाला नेऊन ठेवलेला होता.

नटावर लाल टिकल्या होत्या. एकीशेजारी एक, तीन.

"सोडू का आता?" मावशी आतून ओरडली. "पायात गोळा आलाय!"

मी सोड म्हणायला विसरले होते.

आत गेले तोवर बाबा खाली येऊन स्वयंपाकघरात परातीत वाल निवडत होते. कोट खुंटीला होता. मी त्यातली बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"तीन टिकल्या आहेत," मी म्हटलं.

बाबांनी बाटलीकडे बघितलं. "चार. एक खालच्या अंगाला आहे. ती दिसली नसेल तुला."

"कधी?"

"दोन नोव्हेंबरातल्या. बर्फ पडत असताना तू माझी औषधं आणायला गेलीस आणि तासाभरात परत आलीस. तासाभरात! त्या रस्त्याने! म्हटलं, जरा हळू जाईल. तिसरी, पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. चौथी परवाच्या शनिवारी."

"आणि प्लग? फिल्टर?"

"ते कधी तरी बदलायचेच होते."

"बाबा, मला वाटलं तुमचं डोकं चालेनासं झालं. मी डॉक्टरची वेळ घेतलीय. तुम्हाला वारसुद्धा सांगता आला नाही."

"घंटा वाजत होत्या, पोरी. रविवार होता हे बहिऱ्यालाही कळलं असतं." ते परातीतले दाणे पुन्हा पुन्हा एकाच जागी सारत होते. "तू ज्या तोंडाने विचारलंस त्यावरून कळलं मला, तू काय तपासतेयस ते. गुरुवार म्हटलं तर राहशील असं वाटलं."

मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. ते खरं होतं, पण नीट तपासलेलं नव्हतं.

शेवटी विचारलं, "टिकल्या लावल्या नसत्या तर मला कधीच कळलं नसतं. का लावल्या?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं दिसलं.

"हात लावला होता ना," म्हणाले.

५ मार्च, गुरुवार

रात्रभर राग होता. सकाळी पाहिलं तर त्याखाली एक मोठी सुटका होती: बाबांचं डोकं शाबूत आहे. फसवण्याइतकं शाबूत. डॉक्टरची वेळ रद्द केली. नकाराचं पत्र फाडलं, होकाराचं पाठवलं. त्यातलं एकही वाक्य मला पुन्हा लिहावं लागलं नाही.

मग पाना घेऊन बाबांपुढे उभी राहिले. नट त्यांचा होता. न विचारता फिरवता येत नाही.

"फिरवू का?"

त्यांनी टोपी घातली. "फिरव. मी आत बसतो."

ते पेडलवर, मी बॉनेटखाली. आतून सांगत होते. "आणखी. आणखी. आता सावकाश. थांब. सगळी ताणू नकोस, दोन मिलिमीटर ढील ठेव. पूर्ण ताणलेली तार गाडीला उभ्या उभ्या रेस देत राहते, मग ती धड थांबत नाही आणि धड जात नाही." चकती शेवटपर्यंत फिरली. त्यांना ते आत बसून दिसत नव्हतं. पायाला कळलं असावं. "हां," म्हणाले.

उतरून त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली. मी त्यांच्या चार टिकल्यांच्या शेजारी माझी लावली. जरा ओघळली.

"आता जबाब तुझा," बाबा म्हणाले.

९ मार्च, सोमवार. प्लोव्हदिव

भेट झाली. सोळा तारखेपासून काम. जुनी खिडकी, तेच टेबल. ते नंतर लिहीन. आधी सकाळचं.

साडेसहाला निघायचं होतं. उणे सहा तापमान. मी गाडी तापवत होते, तेवढ्यात बाबा आईचा तांब्याचा घडा घेऊन बाहेर आले. तांब्या नव्हे, अख्खा घडा. त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांपुढे तो ओतला. ओतताना त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी काच पुसत होते.

क्लच सोडेपर्यंत त्या पाण्याचं बर्फ झालं होतं. चाकं जागच्या जागी गरगरली. गाडी आता नीट ओढत होती, त्यामुळे आणखीच गरगरली. मी बंद केली. आम्ही दोघांनी त्या चकचकीत बर्फाकडे बघितलं.

सेव्दामावशी खिडकीतून ओरडली, "रादोय! पाणी वाट सरळ व्हावी म्हणून असतं, मासे पाळायला नाही!"

बाबांनी घडा खाली ठेवला. ते लोकरीच्या चपलांत होते. दुखरी कंबर धरून आत गेले. मला वाटलं, संपलं, आता ते येत नाहीत. दारावरच्या कागदात आई हसत होती. मग ते शेगडीतल्या राखेची बादली घेऊन आले, माझ्या चाकापुढे गुडघ्यावर बसले आणि हाताने राख पसरू लागले. आधी डावं, मग उजवं. कागद चिकटवावा तशी, कडेपर्यंत, एकसारखी. मी उतरायला लागले तर म्हणाले, "बस तू. इंजिन गार होईल."

पाणी चुकून जास्त झालं की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. इथेही ठरवत नाही.

सातव्या वळणावर लक्षात आलं की माझा पाय अर्ध्यावरच आहे. आता नट नव्हता, तार सैल नव्हती. पायच तेवढा दाबायला शिकला होता. मागे ट्रक होता. मी दाबला. असा आवाज त्या गाडीतून येऊ शकतो हे मी विसरले होते. घाबरून पाय उचलला. मग पुन्हा दाबला.

इथे पोचल्यावर बाबांना फोन केला. त्यांनी नोकरीचं विचारलं नाही.

"किती?"

"चौदा."

पलीकडे रेडिओ चालू होता. तो बारीक झाला.

"दाफिनाला बारा लागायची," बाबा म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत, "अजून जागा आहे पायाखाली."